नवव्या होलची घोसाळी

‘दिला साहेब,’ सस्ते म्हणाले. बॉल अजून चालतच होता.

चालत चालत तो होलच्या शेजारून गेला, उतारावर जरा रेंगाळला, मग वाऱ्याने त्याला मागून ढकललं आणि तो आरामात उसाच्या दिशेने निघाला. सस्तेंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा, थोडं हळू, म्हणाले, ‘दिला.’

‘काय दिला?’ ब्रिगेडियर दळवींनी विचारलं. ‘तो तर गेला.’

जुलै संपत आला होता. आठवडाभर सूर्य कुणी पाहिला नव्हता. घाटाकडून वारा सुटलेला, आणि पाऊस वरून न पडता बाजूने येत होता, म्हणजे टोपी घालून काही उपयोग नाही, कानच झाकायला हवेत असा. अशा हवेत शहाणा माणूस घरात भजी खातो. आम्ही चौघं साखर कारखान्याच्या मागे गोल्फ खेळत होतो.

आमचे चेअरमन आप्पासाहेब कोंढरे तीन वर्षांपूर्वी साखरेच्या अभ्यास दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाला गेले होते. साखरेबद्दल परत आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की तिकडे ती चहात घालून देत नाहीत, वेगळी देतात. पण गोल्फ त्यांनी नीट पाहून घेतला होता. येताना काठ्यांची पिशवी, चौकटीची टोपी आणि खाली खिळे असलेले पांढरे बूट घेऊन आले, आणि कारखान्याच्या मागच्या जमिनीवर नऊ होलचं मैदान झालं. ऑफिसर लोकांनी खेळायचं, असा तोंडी हुकूम निघाला. मी चीफ केमिस्ट. पावसाळ्यात गाळप बंद, लॅबमध्ये तपासायला रस नाही. मी खेळायला लागलो. खोटं कशाला सांगू, मला बऱ्यापैकी जमायला लागलं. ते लपवणं मात्र खेळण्यापेक्षा अवघड होतं.

आता हे ‘दिला’ प्रकरण. मित्रामित्रांच्या गोल्फमध्ये एक रीत असते. बॉल होलच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर येऊन थांबला, तर समोरचा खेळाडू म्हणतो, दिला. म्हणजे आता तुम्ही तो मारायचे कष्ट घेऊ नका, एक फटका धरा आणि उचला. भल्या माणसांची रीत आहे. आमच्याकडे ती आप्पासाहेबांपुरती उरली होती, आणि वीत वाढत वाढत खाटेएवढी झाली होती. शिवाय ‘दिला’ म्हणायचे ते सस्ते. गुलाबराव सस्ते कारखान्याचे सेक्रेटरी. ते स्वतः खेळत नसत, साहेबांच्या डोक्यावर छत्री धरत. बॉल ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर, आला की सस्ते ‘दिला’ म्हणत, बॉल उचलत, धोतराच्या सोग्याला पुसत आणि साहेबांच्या हातात देत. त्यामुळे तीन वर्षांत आप्पासाहेबांनी वीतभरावरून बॉल होलमध्ये घातलाय असं कुणी पाहिलेलं नव्हतं. जमतं की नाही, हे त्यांना स्वतःलाही माहीत नसावं.

सस्तेंचं दुसरं कसब म्हणजे पाय. साहेबांचा बॉल झाडामागे गेला की सस्ते पुढे धावत आणि आम्ही पोचेपर्यंत बॉल झाडापुढे आलेला असे. मैदानावरची सगळ्यात भरवशाची काठी म्हणजे सस्तेंचा उजवा पाय, असं आम्ही ऑफिसर लोक म्हणायचो. अर्थात घरी, दार लावून.

ब्रिगेडियर दळवी पुण्याहून आले होते. रिटायर झालेले, वाळके, मिश्या पांढऱ्या, बोलणं मोजकं. त्यांनी मैदान पसंत केलं तर डिसेंबरात आमच्याकडे मोठी स्पर्धा होणार होती. मंत्री येणार, मांडव पडणार, पेपरात फोटो येणार. आप्पासाहेबांनी भाषणसुद्धा पाठ करायला घेतलं होतं. त्यामुळे पाऊस असो, वारा असो, ब्रिगेडियरना मैदान दाखवायचंच होतं, आणि साहेबांकडून सामन्यात कुणीतरी हरून घ्यायला हवं होतं म्हणून मला बोलावलं होतं.

मी खुशीने गेलो. का, ते सांगतो.

आमचा क्वार्टर मैदानाला लागून. नववा होल, म्हणजे शेवटचा, जिथे आहे तिथे पूर्वी आमचं परस होतं. कुमुदने, माझ्या बायकोने, लग्न होऊन आली त्या वर्षीपासून ते लावलेलं. मांडवावर पडवळ, घोसाळी, दोडका, खाली अळू, कडेने वांगी. कोपऱ्यात गोबरगॅसचा जुना खड्डा, तिथलं खत ती सगळ्या वाफ्यांना घालायची. कॉलनीत कुणाकडे पाहुणा आला की त्यांची मुलगी आमच्याकडे घोसाळी मागायला येई, भज्यांसाठी.

एक दिवस बुलडोझर आला. नववा होल ‘बसत नव्हता’. कुमुद दारात उभी होती. आप्पासाहेब स्वतः आले, तिला नमस्कार केला, आणि म्हणाले, ‘वहिनी, भाजी काय, बाजारात मिळते. गोल्फ मिळत नाही.’ सस्ते हसले. मांडव पडला तो आवाज मला अजून आठवतो, कारण आवाज फारसा झालाच नाही.

खड्डा भरायचं काम साहेबांच्या भाच्याकडे होतं. मुरूम टाकायचा होता. भाच्याने ट्रॉल्या भरभरून बगॅस आणलं, उसाचा रस काढून उरलेली चिपाडं, कारखान्यात फुकट मिळतात ती. खड्ड्यात चिपाडं, वर टोपलीभर माती, त्यावर हिरवळ. मी सस्तेंना म्हटलं, अहो, हे कुजणार. सस्ते म्हणाले, ‘हर्डीकर, वर गवत आलं की कुणाला कळतंय?’

कुमुद त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पानात बटाट्याची भाजी होती. तिसऱ्या दिवशीही. मग काचऱ्या, मग रस्सा, मग पुन्हा भाजी. महिन्याभराने मी धीर करून विचारलं, बाजारात दुसरं काही मिळत नाही का.

‘मिळतं,’ ती म्हणाली. ‘पण त्या माणसाला ह्या गावात कुणीतरी नाही म्हणेपर्यंत आपल्याकडे बटाटा.’

दोन वर्षं झाली होती. माझ्या अंगातल्या रक्ताला उकडलेल्या बटाट्याचा वास यायला लागलाय, असं मला वाटायचं. आणि आता, ब्रिगेडियर येण्याच्या आठवड्यात, सस्ते घरी येऊन सांगून गेले होते, की उरलेली पट्टीही सोमवारी जाणार. त्या पट्टीत एक कढीपत्ता, तुळस आणि कपडे वाळत घालायची तार. तिथे क्लब हाउसची पायरी येणार होती.

म्हणून मी खुशीने गेलो.

पहिल्या होलला, तो बॉल उसात शिरल्यावर, ब्रिगेडियरनी सगळ्यांना जवळ बोलावलं. नुसतं खेळायला मजा नाही, म्हणाले, काहीतरी लावा. पैसे नकोत, पैशाने मैत्री बिघडते.

आप्पासाहेब खुशीत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, पाठीतून पाणी उडालं. ‘हर्डीकर जिंकला तर नववा होल त्याला परत. लाव म्हणावं पडवळ.’

सस्ते एवढे हसले की छत्री हलली.

‘ठरलं,’ ब्रिगेडियर म्हणाले. ते हसले नाहीत. ‘मी साक्षीदार.’

मग फटके मीच मोजतो, असंही त्यांनी सांगून टाकलं. ज्याचे फटके कमी, तो होल त्याचा; जास्त होल ज्याचे, सामना त्याचा. सस्तेंचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण छत्रीमुळे पूर्ण दिसला नाही.

ह्या सामन्यात मी एक गोष्ट ठरवून केली. आप्पासाहेबांचा बॉल होलजवळ आला की सस्तेंच्याही आधी मी म्हणायचो, ‘दिला साहेब.’ वीतभर असो, हातभर असो. प्रत्येक वेळी. ब्रिगेडियर भुवया वर करून माझ्याकडे पाहायचे. तिसऱ्या होलला म्हणाले, तुम्ही फार उदार दिसता. मी म्हटलं, सवय आहे.

त्याच होलला सस्तेंची छत्री गेली. गेली म्हणजे आधी उलटी झाली, मग सस्तेंना घेऊन निघाली. सेक्रेटरी माणूस, साहेबांची वस्तू सोडेल कशी? दोन्ही हातांनी दांडा धरून सस्ते ग्रीनवरून घसरत, मग पळत, मग पुन्हा घसरत तारेच्या कुंपणापर्यंत गेले. तिथे छत्री कुंपणावरून पलीकडे गेली आणि धोतराचा सोगा अलीकडे राहिला. आप्पासाहेब तेवढ्या वेळात नखशिखांत भिजले. चौकटीच्या टोपीचा रंग उतरून त्यांच्या गालावर लाल-हिरव्या रेघा आल्या होत्या. ब्रिगेडियर तिकडे बघून फक्त एवढंच म्हणाले, की ह्या टोपीला कव्हर मिळतं.

पाय मात्र सस्तेंचा चालूच होता. चौथ्या होलला साहेबांचा बॉल खड्ड्यातून आपोआप वर आला. ब्रिगेडियरनी अगदी काळजीच्या सुरात विचारलं, ‘सस्ते, गुडघ्याचा काही त्रास आहे का? साहेबांच्या प्रत्येक बॉलपाशी तुम्ही अडखळता.’

त्यानंतर पाय बंद झाला. आणि पाय बंद झाल्यावर आप्पासाहेबांचा खरा खेळ दिसायला लागला.

पाचवा होल मळीच्या टाकीजवळून जातो. मळी म्हणजे साखर काढून झाल्यावर उरतो तो काळा, दाट पाक. पावसाने टाकी थोडी ओसंडली होती आणि खाली डबकं झालं होतं. साहेबांचा बॉल वाऱ्याने वळला आणि बरोबर डबक्यात बसला. सस्तेंनी कोपरापर्यंत हात घालून तो काढला, गवतावर पुसला, साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी पाय रोवले, दात आवळले आणि सगळा जीव लावून फटका मारला.

बॉल कुठे गेला, ते आम्ही सगळे बघत होतो. कुणी उसाकडे बघत होतं, कुणी टाकीकडे. ब्रिगेडियरनी हळूच साहेबांच्या काठीकडे बोट केलं. बॉल काठीलाच चिकटला होता. आप्पासाहेबांनी काठी झटकली. बॉल सुटला आणि सस्तेंच्या सदऱ्याला लागून तिथेच राहिला.

‘हा एक फटका,’ ब्रिगेडियर म्हणाले आणि बोटावर मोजला. ‘झटकला तो दुसरा.’

हसू दाबायला मी आतून गाल चावून धरला होता.

मीही काही फार धड खेळत होतो असं नाही. सातव्याला माझा फटका वाऱ्याने उलटा आणला, मी जिथे उभा होतो त्याच्या मागे. पण आठवा संपला तेव्हा बरोबरी झाली होती. आप्पासाहेबांचं हसणं बंद झालं होतं. नवव्याकडे चालताना ते माझ्या शेजारी आले. ब्रिगेडियर पुढे होते.

‘हर्डीकर, डिस्टिलरीत जागा रिकामी आहे,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘वास फार येतो तिथे. माणूस टिकत नाही.’

‘हो साहेब.’

‘तुझ्यासारखा माणूस तिथे घालवायचा नाही मला.’

‘हो साहेब,’ मी म्हणालो. दोन वर्षं मी एवढंच म्हणत आलो होतो.

नवव्याची ग्रीन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. खिडकी उघडी होती. एवढ्या पावसात कुणी खिडकी उघडी ठेवत नाही. आत कुमुद ओट्याशी उभी, हातात बटाटा, अर्धा सोललेला.

मी माझा होल पुरा केला. बॉल आत पडला तो आवाज मला गोड वाटला, पण फटके थोडे जास्तच झाले होते. आप्पासाहेबांचं नशीब त्या दिवशी पहिल्यांदा जागं झालं. त्यांचा बॉल एका दगडावर आपटून उडाला, कुंपणाच्या खांबाला लागून परत आला आणि गडगडत होलपासून वीतभरावर येऊन थांबला. सरळ, सपाट, लहान पोरानेही घालावा असा.

हिशेब सोपा होता. हा एक आत गेला की साहेब जिंकले. हुकला आणि पुढचा गेला तर बरोबरी. तोही हुकला तर ते हरले.

‘दिला साहेब,’ सस्ते म्हणाले, आणि वाकले.

‘थांबा,’ ब्रिगेडियर म्हणाले. सस्ते वाकलेलेच राहिले. ‘सकाळपासून मी ऐकतोय. तुम्ही कोण देणार? तुम्ही खेळत नाही. द्यायचा असेल तर समोरच्याने द्यायचा.’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पासाहेबांनीही पाहिलं, पण सहज, चहाचा कप पुढे करतात तसं. सकाळपासून मी प्रत्येक बॉल दिला होता. त्यांनी पटर, म्हणजे ग्रीनवरची ती आखूड काठी, काखेत मारून ठेवली होती आणि ते हातमोजा काढायला लागले होते.

मी म्हणालो, ‘टाका साहेब.’

त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. ‘काय?’

‘टाका.’

सस्ते वाकलेल्या अवस्थेतून सरळ झाले. खिडकीत सुरीचा आवाज थांबला.

आप्पासाहेबांनी हातमोजा पुन्हा चढवला. बॉलपाशी आले. पटर धरला, मग पकड बदलली, मग पुन्हा पहिलीच पकड. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. ह्या हातांनी सभा उधळल्या होत्या, बँका बुडवल्या होत्या, आमचा मांडव पाडला होता. आता त्यांना वीतभर अंतर कसं कापायचं ते आठवत नव्हतं. ते पाठ केलेल्या भाषणासारखे ओठ हलवत होते. पटर मागे गेला, थरथरला, आणि बॉलला असा लागला जसा आपण झुरळाला मारतो.

बॉल होलवरून उडी मारून पलीकडे गेला आणि पलीकडे वीतभरावर थांबला.

‘एक,’ ब्रिगेडियर म्हणाले.

आता बॉल होलच्या त्या बाजूला होता. आप्पासाहेब त्याच्याकडे तरातरा निघाले. राग आला की ते टाच आपटून चालतात. आठ दिवसांचा पाऊस, ओले कपडे, खिळ्यांचे बूट, आणि मुळातलं वजन. ते बॉलच्या मागे जाऊन उभे राहिले आणि पाय रोवायला त्यांनी उजवी टाच जोरात जमिनीवर मारली.

जमीन म्हणाली, फुस्स.

आधी उजवा पाय गेला. तो काढायला त्यांनी डाव्यावर जोर दिला, तेव्हा डावा गेला. मग हिरवळीचा मोठा तुकडा गोधडी दुमडावी तसा दुमडला आणि आमच्या कारखान्याचे चेअरमन छातीपर्यंत खाली गेले. घाई नव्हती त्यात. सभेला आल्यावर खुर्चीत बसतात तसे बसले. खालून काळं, ऊन, कुजलेलं चिपाडाचं पाणी वर आलं आणि त्याचा वास सगळ्या ग्रीनवर पसरला.

सस्ते जागचे हलले नाहीत. त्यांना आपण कशावर उभे आहोत ते आठवलं असावं.

ब्रिगेडियर सावकाश पुढे गेले, वाकले. ‘खाली पाय टेकलेत का?’

‘टेकलेत,’ आप्पासाहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

‘मग काळजी नाही.’ त्यांनी मूठभर चिपाडं उचलली, पावसात धरली, बोटांनी चोळली. ‘हे ग्रीनखाली काय आहे?’

सस्तेंनी उसाकडे पाहिलं. मी केमिस्ट आहे, मी उत्तर देऊ शकलो असतो.

‘काढतो आम्ही तुम्हाला,’ ब्रिगेडियर म्हणाले. ‘पण बॉल तुमच्या समोरच आहे. आधी खेळता का? तुमची मर्जी.’

बॉल खरंच तिथेच होता. आता तो आप्पासाहेबांच्या छातीसमोर होता आणि होल त्यांच्या हनुवटीच्या रेषेत. गालावर लाल-हिरवे ओघळ. टोपी वाऱ्याने केव्हाच नेली होती. त्यांनी बॉलकडे पाहिलं, होलकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. असं त्यांना कुणाकडे पाहताना मी कधी बघितलं नव्हतं.

‘हर्डीकर,’ ते म्हणाले. ‘हा दे.’

मागितला त्यांनी. सस्तेंनी ऐकलं, ब्रिगेडियरनी ऐकलं. तीन वर्षं न मागता मिळत होता, आज मागावा लागला.

मी खिडकीकडे पाहिलं. कुमुद आता ओट्याशी नव्हती, खिडकीला टेकून उभी होती. एक हात गजावर.

‘टाका साहेब,’ मी म्हणालो.

त्यांनी पटर मधोमध धरला, आमटी वाढायची पळी धरतात तसा, आणि कोपर जमिनीवर टेकवून बॉल ढकलला. ह्या वेळी हात थरथरला नाही. बॉल सरळ निघाला. होलच्या काठावर पोचला, काठावरून अर्धी चक्कर मारली आणि थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. फुंकर घातली असती तरी पडला असता.

आम्ही सगळे वाऱ्याची वाट बघत राहिलो. जो वारा सकाळपासून क्षणभर थांबला नव्हता, ज्याने छत्री नेली, टोपी नेली, माझा बॉल माझ्याच मागे आणून टाकला, तो थांबला. कढीपत्त्याचं पानही हलेना.

आप्पासाहेबांनी सस्तेंकडे पाहिलं. सस्तेंनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. होल तीन पावलांवर होता. मग त्यांनी मधल्या हिरवळीकडे पाहिलं, तिच्या कडा खड्ड्याकडे हळूहळू खचत होत्या. आणि आयुष्यात पहिल्यांदाच सस्तेंचा पाय साहेबांसाठी पुढे आला नाही.

‘दोन,’ ब्रिगेडियर म्हणाले. ‘सामना हर्डीकरांचा. नववा होलही.’

मग मी हात पुढे केला. आप्पासाहेब वर आले ते फक्त एका बुटात. दुसरा पांढरा बूट खाली राहिला. सस्ते म्हणाले, उद्या माणसं लावून काढतो. ब्रिगेडियरनी चिपाडं रुमालात बांधून खिशात ठेवली आणि स्पर्धेबद्दल पुण्याला जाऊन कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

मी घरी आलो, डोकं पुसलं. कुमुदने पान वाढलं. बटाट्याची भाजी. मी तिच्याकडे पाहिलं.

‘आज सोलून झाले होते,’ ती म्हणाली. मग आमटी वाढता वाढता तिने विचारलं, ‘काल संध्याकाळी नवव्या होलातला तो झेंडा कढीपत्त्याच्या बाजूला होता ना? होल तिकडे होता.’

ग्रीनवरचा होल अधूनमधून हलवायचा असतो, गवत एकाच जागी झिजू नये म्हणून. मैदानाच्या गवताची जबाबदारी केमिस्ट म्हणून माझ्याकडे होती. होल पाडायचं लोखंडी हत्यारही माझ्याच पडवीत असायचं. त्या दिवशी सकाळी ते ओलं होतं.

‘वाऱ्याने सरकला असेल,’ मी म्हणालो.

‘फार वारा होता,’ कुमुद म्हणाली, आणि भातावर न विचारता तूप वाढलं. दोन वर्षं तेही बंद होतं.

डिस्टिलरीत मला टाकलंच. वास खरंच फार यायचा. कपडे बाहेरच्या तारेवर टाकूनच घरात यावं लागे, पण तार जागेवर होती, आणि कढीपत्ताही. नववा होल परत घ्यायची आप्पासाहेबांची हिंमत झाली नाही. घ्यायचा म्हणजे खड्डा उघडायचा, आणि खड्डा उघडायचा म्हणजे भाच्याने त्यात काय भरलं ते कॉलनीला दाखवायचं. त्यांनी गोल्फ सोडला. पुढच्या वर्षी ते टेबल टेनिस बघायला चीनला गेले.

कुमुदने घोसाळ्याचं बी बरोबर त्या खड्ड्याच्या मधोमध लावलं. वेलाला आधार हवा होता, तिथे नवव्याच्या झेंड्याची काठी अजून उभी होती. वेल काठीवर चढला, झेंडा झाकला गेला, मग तिथून तारेवर, तारेवरून पडवीवर. असली घोसाळी आमच्या परसात आधी कधी आली नव्हती. लांब, जड, आणि दिवसागणिक वाढणारी.

पहिला तोडा झाला तेव्हा कुमुद म्हणाली, चार घोसाळी चेअरमनच्या बंगल्यावर पाठवू. मी सस्तेंना बोलावून पिशवी दिली. त्यांनी एक घोसाळं बाहेर काढलं, हातात तोललं, नाकाशी नेलं. माणूस शेवटी शेतकरी घरातला. म्हणाले, ‘हर्डीकर, एवढी भरतात म्हणजे नवल आहे हो. साहेब विचारतील. खत कसलं घालता?’

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून कुमुदचा आवाज आला.

‘सांगा त्यांना,’ ती म्हणाली. ‘एक बूट पुरला. दुसरा असला तर पाठवून द्या म्हणावं. पडवळ लावायचंय.’